पुढे आपलीच गाडी

मंजुळा, जय भीम.

पत्र लिहावं इतकी लांब तू राहत नाहीस, दोन इमारती सोडून तर आहेस. पण तुझ्यासमोर बसून तुझ्याबद्दल काही सांगायला लागलं की तू मधेच तोडतेस. "राहू दे, तुला नीट आठवत नाही." टेलिफोन एक्स्चेंजमध्ये शेजारशेजारच्या खुर्च्यांवर बसून आपण उभ्या ठाण्याचे ट्रंककॉल जोडले, तेव्हाही तू माझ्या लाइनीत नाक खुपसायचीस. म्हणून हे कागदावर. कागदाला मधेच तोडता येत नाही. फाडता येतो, तेवढं तू करशीलच. तुझी ती फियाट, तिचं ते दुखणं आणि त्यापायी तू सगळ्या वर्तकनगरला लावलेला घोर, सगळं सांगणार आहे. तुझ्याशिवाय दुसऱ्या कोणी हे वाचलं तर त्याला तू कोण ते ठाऊक नसणार, तेव्हा तुला जरा परक्यासारखं 'ती' म्हणते. रागावू नकोस. रागावलीस तरी अडत नाही.

तर, मंजुळा रोकडे. सत्तरी ओलांडलेली, बी.ए. झालेली, एक्स्चेंजमधून सुपरवायझर होऊन निवृत्त. केस पांढरे, आवाज अजून ड्यूटीवर असल्यासारखा. मार्चमधल्या एका संध्याकाळी जयंती समितीची चार माणसं तिच्या दारात चपला काढून गुपचूप आत आली, तेव्हाच तिनं ओळखलं की हे काहीतरी नको ते सांगायला आलेत. एरवी समितीचा अध्यक्ष सुमित जिन्यातूनच ओरडायचा, "मावशी, चहा टाका!" आज तो सोफ्याच्या अगदी कडेवर बसला आणि पंख्याकडे बघायला लागला.

"पंखा चालू आहे," मंजुळा म्हणाली. "बोल."

"मावशी, यंदा मिरवणुकीच्या पुढच्या गाडीचं जरा बघायला लागेल."

"काय बघायला लागेल?"

"गेल्या वर्षी तीनदा बंद पडली ना. नाक्यावर तर बँड पुढे गेला नि फोटो मागेच. पोरांनी ढकलत आणलेली. लोकांनी व्हिडिओ काढले, मावशी."

"मग?"

"एक जीप मिळतेय. ओपन. फुल डेकोरेशन करून देतायत, एक पैसा घेत नाहीत."

"फुकट कोण देतंय?"

सुमितनं एका बिल्डरचं नाव सांगितलं. मंजुळेनं चष्मा काढून पदराला पुसला.

"आणि बॅनर?"

"छोटासाच आहे. बॉनेटवर."

"त्यावर त्याचं थोबाड असेल."

"छोटंसंच, मावशी."

"म्हणजे सगळ्यांत पुढे तो हात जोडून, आणि त्याच्या मागे बाबासाहेब. वा रे समिती!"

मंजुळा चहा टाकायला उठली नाही, यावरून काय ते सगळ्यांना कळलं.

आता ही गाडी मंजुळेला एवढी का लागून राहिली होती, ते सांगायला हवं. ती तरुण होती, नोकरीला लागून काही वर्षं झाली होती, तेव्हाची गोष्ट. वस्तीत जयंतीची मिरवणूक निघायची ती पायीच. एका वर्षी ठरलं की फोटो गाडीतून न्यायचा. गाडी वस्तीत कोणाकडेच नव्हती. पलीकडच्या कॉलनीतल्या एका गृहस्थांकडे होती. मंजुळा स्वतः विचारायला गेली. "अहो, न्या की, त्यात काय," गृहस्थ म्हणाले, सरबतही दिलं. चौदा एप्रिलला सकाळी गेली तर म्हणाले, गाडी सर्व्हिसिंगला टाकलीय. जिना उतरून खाली येते तर गाडी त्यांच्याच खिडकीखाली, ताडपत्री पांघरून उभी! एक चाक बाहेर दिसत होतं.

मंजुळेनं परत वर जाऊन भांडण केलं नाही. तिनं नाक्यावर केळी विकणाऱ्या रामाला गाठलं. रामानं केळ्यांचे घड दुसऱ्याच्या गाडीवर टाकले, आपली हातगाडी नळाखाली घासूनपुसून काढली, घरातली पांढरी चादर आणून अंथरली आणि फोटो ठेवून म्हणाला, "ताई, धक्का मीच देणार. दुसऱ्या कोणाला हात लावू देऊ नका." त्या वर्षी मिरवणूक हातगाडीमागे निघाली. ताडपत्रीवाल्या गृहस्थांच्या खिडकीखाली मंजुळेनं रामाला हातगाडी थांबवायला लावली आणि बँडवाल्यांना सांगितलं, इथे पूर्ण वाजवा.

पुढे तिनं पै-पै साठवून एक जुनी फियाट घेतली. तिला तेव्हा गाडी चालवताही येत नव्हती. नवऱ्यानं विचारलं, "आपल्याला जायचंय कुठे एवढं?" तर म्हणाली, "कुठेच नाही. नाक्यापर्यंत." तेव्हापासून दरवर्षी फोटो तिच्या गाडीत. नवरा गेला, मुलगा प्रशांत लग्न होऊन कोपरला राहायला गेला, गाडीचं पासिंग पुन्हा पुन्हा करून घ्यावं लागलं. पण मिरवणुकीची गाडी पुन्हा कोणाकडे मागावी लागली नाही.

म्हणून त्या संध्याकाळी ती सुमितला म्हणाली, "जयंतीच्या आधीच्या रविवारी सगळे या. खाली गाडी चालू करून ठेवते. तुमचा चहा, नाश्ता, निंदानालस्ती सगळं होईपर्यंत ती एकदा जरी बंद पडली तर आणा तुमची ती जीप. मी पाण्याच्या टँकरमागून चालत येईन, एक शब्द बोलणार नाही."

"तुम्ही? एक शब्द नाही?" सुमित हसलाच.

"निघा आता."

मिरवणुकीतल्या गाडीचं काम धावणं नसतं. तिला उभं राहावं लागतं. लेझीमवाल्या मुली एक फेर धरतात, गाडी उभी. कोणी हार घालायला येतं, गाडी उभी. मग चार पावलं सरकायचं, की परत उभी. हे सगळं इंजिन बंद न करता, अगदी संथ, आयडलिंगवर. मंजुळेची फियाट घोडबंदर रोडला पळवा, तक्रार नाही. पण पायाखालचा पेट्रोलचा पेडल सोडला की दुखणं सुरू. भर्र भर्र चालता चालता मधेच ठेचकाळायची, सावरायची, परत ठेचकाळायची आणि मान टाकायची. गॅरेजवाले याला 'मिसिंग' म्हणतात.

प्रशांतला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "आई, भंगारात दे ना आता. मी तुला नवीन घेऊन देतो. ऑटोमॅटिक."

"तुझ्या गाडीत बसलं की ती मला पट्टा लाव म्हणून ओरडते. मला ओरडणारं माणूस चालत नाही, गाडी कुठून चालेल?"

"अगं पण तिचे पार्ट तरी मिळतात का?"

"कल्याणला मिळतात. उद्या जाणार आहे."

गेली. कल्याणला जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान शोधून कार्बोरेटरचे नवे वायसर, गॅस्केटं, बारीकसारीक सगळं घेऊन आली आणि पोखरण रोडच्या गॅरेजमध्ये सुशांतच्या पुढ्यात ठेवलं. सुशांत पस्तिशीचा, हाताचा चांगला. त्यानं कार्बोरेटर उतरवला, पेट्रोल आणि हवा जिथून जाते ती बारीक भोकं फुंकून साफ केली, नवे वायसर घातले. गाडी चालू केली. तशीच ठेचकाळली. मग त्यानं सगळे करतात तेच केलं. स्क्रू पिळून आयडलिंग वाढवून दिलं. गाडी लगेच शहाण्यासारखी चालायला लागली.

मंजुळा ती घेऊन निघाली आणि सोसायटीच्या फाटकातच तिला घाम फुटला. पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडला की गाडी आपणहून पुढे ओढत होती, माजलेल्या रेड्यासारखी. पुढे लेझीमच्या मुली असणार, दहा-बारा वर्षांच्या. तिनं ब्रेक दाबायला एक क्षण उशीर केला तर? ती तशीच उलटी वळली.

"हे काय केलंस तू? रोग झाकून दिलास."

"मावशी, कार्बोरेटर एकदम ओके आहे. शपथ. लोचा दुसरीकडे कुठेतरी आहे."

"कार्बोरेटरच आहे. जुन्या गाडीत दुसरं काय असतं?"

"बोललो ना, ओके आहे. आता इंजिनच म्हातारं झालं, त्याला कोण काय करणार?"

"म्हातारं झालं म्हणजे रोग सांगितलास का? माझा डॉक्टरही गुडघ्याला हेच म्हणतो. दुसरा गुडघाही तेवढ्याच वयाचा आहे, तो का नाही दुखत?"

सुशांतनं हात जोडले. मंजुळेनं आयडलिंगचा स्क्रू परत खाली करून घेतला आणि गाडी घरी आणली. दुसऱ्या दिवसापासून ती स्वतःच बॉनेट उघडून, स्क्रूड्रायव्हर घेऊन कार्बोरेटरच्या मागे लागली. अर्धा वेढा इकडे, पाव वेढा तिकडे. पेट्रोल एवढं वाढवून ठेवलं की प्लग काळेकुट्ट झाले आणि तीन मजल्यांपर्यंत वास पोहोचला. सोसायटीचे सेक्रेटरी श्रीपादराव नाकाला रुमाल लावून खाली आले.

"मंजुळाताई, हे रोज किती वेळ चालणार?"

"बरी होईपर्यंत."

"लोकांच्या तक्रारी आहेत."

"तुमच्या मजल्यावर सकाळी मिक्सर किती वेळ चालतो, त्याची मी तक्रार केली का? आणि आता उभेच आहात तर टॉर्च धरा जरा."

श्रीपादरावांनी टॉर्च धरला. माणूस तसा वाईट नाही. पण टॉर्चनं काही दिसलं नाही, आणि रविवार जवळ येत चालला.

शुक्रवारी दुपारी मंजुळा गाडीशेजारी प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसली. गाडी चालू, बॉनेट उघडं. ठेच कधी लागते त्याची वाट बघत नुसतं बसायचं, तर कंटाळा नको म्हणून तिनं नवऱ्याचा जुना ट्रान्झिस्टर आणला होता. मीडियम वेव्हवर आकाशवाणी लावली. पण गाडीजवळ नुसती करकर. कटकटकटकट, शब्द ऐकू येईना. वैतागून ती बंद करणार, तेवढ्यात इंजिन ठेचकाळलं. आणि ट्रान्झिस्टरची कटकटही त्याच क्षणी तुटली. इंजिन सावरलं, कटकट परत सुरू.

मंजुळेचा हात बटणावर तसाच राहिला.

आयुष्यभर हिनं कानांवर भाकरी कमावली होती. एक्स्चेंजमध्ये लाइनीत बिघाड दोन तऱ्हेचे यायचे. एकात बोलणाऱ्याचा आवाज हळूहळू लांब जायचा, विहिरीत उतरल्यासारखा, आणि हळूहळू परत यायचा. ते केबलमध्ये पाणी शिरल्याचं लक्षण. दुसऱ्यात शब्दाचा अर्धा तुकडाच गळायचा. 'उद्या सका—' आणि एकदम '—ला पोचतो.' तो सैल सांधा. कुठेतरी दोन तारा नुसत्या पिळून ठेवलेल्या. कोणतीही नवी मुलगी कामावर आली की मंजुळा तिला पहिल्या आठवड्यात हे शिकवायची: आवाज बुडतो की तुटतो, आधी ते ऐक.

तिनं ट्रान्झिस्टर दोन स्टेशनांच्या मधे नेला, म्हणजे बातम्या गेल्या आणि नुसती करकर उरली. ही करकर कसली ते तिला ठाऊक होतं. पूर्वी खिडकीखालून स्कूटर गेली की क्रिकेटच्या कॉमेंटरीत अशीच कटकट यायची. इंजिनातली प्रत्येक ठिणगी रेडिओला ऐकू जाते. ती डोळे मिटून बसली. कटकटकटकट. ठेच. कटकट गायब. परत सुरू.

पेट्रोल कमी पडत असतं तर ठिणगी पडतच राहिली असती आणि इंजिन हळूहळू बुडालं असतं. इथे ठिणगीच पडत नव्हती. आवाज बुडत नव्हता, तुटत होता.

"कार्बोरेटर नाहीच," मंजुळा मोठ्यानं म्हणाली. वरच्या गॅलरीतून कोणीतरी म्हणालं, "अभिनंदन!" तिनं वर पाहिलं नाही.

इंजिन बंद करून, गार होऊ देऊन ती तारांच्या मागे लागली. चावीपासून निघून ठिणगी तयार करणाऱ्या कॉइलपर्यंत जाणारी तार तिनं बोटांनी चाचपत नेली. कॉइलच्या मागे, दिसणार नाही अशा जागी, काळी पट्टी गुंडाळलेला एक सांधा होता. जुन्या गाडीत काळी पट्टी कुठे नसते? सुशांतलाही त्यात वावगं दिसलं नसणार. तिनं नखानं पट्टी उकलली. उन्हाळ्यानं डिंक वितळून गेलेला, आत तारेला दुसरी एक तार नुसती पिळलेली, आणि त्या दुसऱ्या तारेचा कापलेलं निळं शेपूट. इंजिन संथ चालताना सगळ्यात जास्त थरथरतं. तो सांधा त्या थरथरीत सुटत होता, जोडला जात होता. वेगात असताना थरथर कमी, तेव्हा तक्रार नाही.

निळी तार कसली, हे कळायला तिला वेळ लागला नाही. दोन वर्षांपूर्वी मिरवणुकीत गाडीला निळ्या दिव्यांच्या माळा सोडल्या होत्या. तिनं मंडप-लायटिंगवाल्या विकीला फोन लावला.

"काय रे शहाण्या, माळांची तार कुठून घेतलीस तू? कॉइलच्या तारेतून?"

"हां मावशी. का?"

"अरे, कोणी घेतं का तिथून? बॅटरीवरून सरळ घ्यायची सोडून!"

विकी चाचरत म्हणाला, "मावशी, मी बॅटरीवरूनच घेत होतो. तुम्ही बोललेलात, बॅटरी उतरेल, चावीच्या तारेतून घे, चावी बंद केली की दिवे पण बंद."

मंजुळेला तो दिवस आठवला. स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन तिनं विकीला दोन लाडूही दिले होते.

"सांगितलेलं," ती म्हणाली. "बरोबर. मग तू नाही का नाही म्हणालास?"

"तुम्हाला नाही कोण बोलणार, मावशी?"

मंजुळा रोकडे गप्प बसली, ही गोष्ट विकी पुढे आठवडाभर नाक्यावर सांगत होता. मग म्हणाली, "चूक माझी. शोधली पण मीच. आता ये आणि सांधा कथलाचा डाग देऊन पक्का कर. आणि यंदा माळांना वेगळी बॅटरी, डिकीत. मी काहीही सांगितलं तरी ऐकू नकोस."

त्याच संध्याकाळी ती सुशांतकडे गेली. "तुझा कार्बोरेटर ओके होता," एवढंच म्हणाली. सुशांतनं तिनं बिघडवलेले स्क्रू परत नीट बसवून दिले आणि चहाही पाजला. माफी वगैरे दोघांच्याही तोंडून निघाली नाही, बरंच झालं.

रविवारी समिती आली. मंजुळेनं फाटकाशी गाडी चालू करून ठेवली, बॉनेट बंद केलं आणि बॉनेटवर काठोकाठ चहा भरलेला एक कप बशीत ठेवला. समितीला खुर्च्या टाकल्या. पोहे झाले. चहा झाला. श्रीपादरावांनी पार्किंगचा विषय काढला, तोही झाला. मागच्या वर्षीच्या व्हिडिओवर मंजुळेनं एकेकाची हजेरी घेतली. कपातल्या चहावर बारीक वलयं उठत होती, बशीत थेंब पडत नव्हता. शेवटी सुमितनं उठून तो कप उचलला आणि गार चहा एका घोटात पिऊन टाकला.

"मान गये, मावशी. पण जीप मागे ठेवतो हां. सेफ्टी म्हणून."

"ठेव. बॅनर काढून."

चौदा तारखेला फोटो फियाटमध्ये चढला. मंजुळा निळ्या काठाची पांढरी साडी नेसून स्टिअरिंगवर. लेझीमच्या मुली काचेला हात टेकून वाकुल्या दाखवत होत्या, गाडी त्यांच्यामागे चालत होती. उभी राहत होती. परत चालत होती. नाक्यावर बँड अडला, हार आले, भाषण लांबलं, आणि फियाट शांतपणे घुर्रघुर्र करत उभी. जीप शेवटपर्यंत मागेच राहिली. तिच्यातून पाण्याच्या बाटल्या वाटल्या. मंजुळेनंही एक घेतली.

ताडपत्रीवाल्या गृहस्थांची इमारत पाडून तिथे टॉवर झालाय. त्यांची खिडकी कुठे होती, हे आता कोणाला सांगता येणार नाही. मंजुळेला येतं. तिथे तिनं गाडी थांबवली, हॉर्न दिला आणि बँडवाल्यांना हात केला. पूर्ण वाजवा.

आता परत तुझ्याशी बोलते, मंजुळा. मिरवणूक संपल्यावर गाडीतून उतरताना तू मला म्हणालीस, "आता रामाला आणू." केळेवाला रामा म्हातारा होऊन खडवलीला लेकीकडे राहत होता. त्याला या गाडीत पुढे बसवायचं, वर्तकनगरला आणून नाक्यापर्यंत एक फेरी मारायची, असं आपण किती वर्षं म्हणत होतो. आधी कारण होतं, गाडी उभी राहत नाही, म्हाताऱ्याला वाटेत कुठे उतरवायचं? आता तेही उरलं नव्हतं. तू पुढच्या डाव्या सीटला नवं कव्हर घातलंस. मग तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन आलं. मग माझी बहीण आली. मग ऊन फार, मग पावसात जुनी गाडी इतक्या लांब नको. रामा दर वेळी फोनवर विचारायचा, "ताई, कधी येताय? मी तयार आहे." गणपतीनंतर जाऊ, असं आपण ठरवलं, आणि गणपतीच्या आधीच त्याच्या लेकीचा फोन आला.

त्या सीटच्या कव्हरवरचा प्लॅस्टिकचा कागद तू अजून काढलेला नाहीस. परवा मी त्यावर बसायला गेले, तर मला मागे बस म्हणालीस. बसले. गाडी सिग्नलला कितीही वेळ उभी राहते आता. खडवलीचा रस्ता मात्र तिनं कधी पाहिलाच नाही.